मंडळींचा पाय सुजला तर : इस्पितळातले दिवस आणि घरधन्याचे काम



या पानावर आम्ही दर अंकात लागण, बेणे, खते आणि खोडवा यांविषयी लिहीत असतो. या खेपेचा विषय थोडा वेगळा असला तरी शेताबाहेरचा मात्र नाही.

आषाढ लागला की आपल्या भोर आणि वेल्हे भागात दोन कामे एकदमच अंगावर येतात. डोंगराकडच्या खाचरांत भाताची लावणी आणि नदीकाठच्या रानात आडसाली उसाची लागण. आडसालीची वेळ १ जुलै ते १५ ऑगस्ट. भाताचे रोप तर त्याहून थांबत नाही. या दीड महिन्यात घरची बाई उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चिखलात उभी असते. रात्री घरी आल्यावर चूल, धारा, पोरे हे आहेच. आणि नेमक्या याच दिवसांत पाय सुजून, थंडी भरून बाईमाणसाला दवाखान्यात न्यावे लागल्याचे आमच्या कानावर येते.

पुरुष आजारी पडला की त्याचे सारे कसे करायचे, हे घरच्या बाईला कोणी शिकवावे लागत नाही. पण तीच अंथरुणाला खिळली की आपण पुरुषमाणसे गोंधळून जातो. डॉक्टरांना काय विचारावे, रात्री कोणी थांबावे, घरी काय सांगावे, काही सुचत नाही. सबब, या लेखात त्याचाच धडा मांडला आहे. बाईच्या जागी पुरुष आजारी असेल तरी यातले बहुतेक सर्व लागू आहे.

हा आजार कोणता?

डॉक्टर याला सेल्युलायटिस म्हणतात. कातडीत आणि तिच्या खालच्या मऊ थरात जंतू शिरून पसरतात. स्ट्रेप्टोकोकस आणि स्टॅफिलोकोकस या जातीचे जंतू बहुधा याच्या मुळाशी असतात. कातडीच्या वरच्या थरात पसरणारा असाच एक प्रकार जुन्या माणसांना माहीत होता. तो अंगावर धावत जातो म्हणून त्यास ते धावरे म्हणत आणि गेरू लावून उतरवत.

आपल्या भाषेत सांगायचे तर कातडी म्हणजे खाचराचा बांध. बांध धड आहे तोवर पाणी जागच्या जागी राहते. खेकड्याने करंगळीएवढे बीळ पाडले तरी रात्रीत बांध फुटतो. पायाचेही तसेच आहे. बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या, टाचेच्या भेगा, बाभळीचा काटा, पाचटाची कापणी, खुरप्याचा निसटता घाव, चपलेने सोललेली जागा, यांतले कोणतेही बीळ जंतूंना पुरते. पुष्कळ वेळा जखम इतकी लहान असते की, कुठून शिरले हे सापडतही नाही.

लक्षणे अशी : बहुधा एकच पाय सुजतो, कातडी लाल, तकतकीत आणि गरम लागते, हात लावला तर दुखते, लाली दिवसागणिक वर सरकते, जांघेत अवधाण येते, अंगात ताप आणि हुडहुडी भरते. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, नुसती काळसर किंवा जांभळट झाक दिसते. म्हणून नजरेवर न विसंबता दोन्ही पायांवर हाताची पालथी बाजू ठेवून पाहावे. दुखरा पाय शेजारच्या पायापेक्षा गरम लागतो.

मधुमेह असलेले, पूर्वी हत्तीपायाची किंवा इतर जुनी सूज असलेले, शिरा फुगलेले, वजन जास्त असलेले आणि एकदा हा आजार होऊन गेलेले, यांना धोका अधिक. मधुमेह्याच्या पायाला बधिरपणा आलेला असला तर काटा रुतलेलाही कळत नाही. पुष्कळांना आपल्याला मधुमेह आहे हे असा पाय सुजल्यावरच प्रथम समजते.

घरी किती थांबावे?

थांबूच नये, हे उत्तर. लाली आणि ताप एकत्र दिसले की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सुरुवातीला पुष्कळांचे गोळ्यांवर भागते. ताप फार असेल, लाली झपाट्याने चढत असेल, उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, मधुमेह असेल किंवा गोळ्या चालू असूनही पाय बिघडत असेल, तर दाखल करून शिरेतून औषध द्यावे लागते.

पुढील खुणा दिसल्या तर रात्र असो की पाऊस, निघावे : दिसणाऱ्या सुजेच्या मानाने दुखणे फारच जास्त, कातडीवर काळे-जांभळे डाग किंवा पाण्याचे-रक्ताचे फोड, दाबले असता कातडीखाली चुरचुर लागणे, माणूस बरळणे, धाप लागणे, लघवी कमी होणे. अशा वेळी जंतू खोल गेलेले असू शकतात आणि तासातासाला जोखीम वाढते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. हा क्रमांक घरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असावा.

गेरू, चुना, हळद, पाला यांचा लेप देऊ नये. शेकू नये, चोळू नये, सुईने टोचून पाणी काढू नये. लेपाखाली लाली किती सरकली ते डॉक्टरांना दिसत नाही. दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांनी ताप दबतो आणि दोन दिवस फुकट जातात. आणखी एक गोष्ट. रानात पाय अचानक सुजला आणि दाताच्या खुणा दिसल्या किंवा नुसता संशय जरी आला, तरी ते सर्पदंशाचे प्रकरण समजून थेट रुग्णालय गाठावे.

येथे एक अडचण मोकळेपणाने सांगितली पाहिजे. आपल्या बायका दुखणे सांगत नाहीत. लावणी अर्धी राहील, पैरा फेडायचा आहे, म्हैस दुसऱ्याच्या हाताला धार देत नाही, अशी शंभर कारणे त्यांच्यापाशी असतात. "काही नाही, चिखलानं झालंय, उद्या उतरेल" असे म्हणून त्या पदर खोचून पुन्हा खाचरात उतरतात. यास्तव विचारण्याचे काम घरधन्याचे. या दिवसांत संध्याकाळी पाय धुताना एकदा नजर टाकावी. लंगडत असेल तर विचारावे. विचारून भागत नसेल तर सरळ गाडी काढावी.

दाखल झाल्यावर काय करावे?

आमच्या घरीही हा प्रसंग येऊन गेला. एका लावणीच्या हंगामात आमच्या सौ.चा उजवा पाय घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत सुजला आणि सहा दिवस दाखल राहावे लागले. तेव्हा जे पाहिले आणि डॉक्टर-सिस्टरांना विचारून जे समजले, ते क्रमाने देत आहोत.

१) निघताना बरोबर काय घ्यावे : शिधापत्रिका, आधार कार्ड, आधीचे कागद, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, एक वही-पेन, दोन उशा, घडी करता येईल अशी वाकळ, पाण्याची बाटली. पेनिसिलिन किंवा अन्य औषधाने पूर्वी अंगावर पुरळ किंवा दम आला असेल तर ते दारातच सांगावे. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले तेही आठवून ठेवावे.

२) रेघ : लाली जेथे संपते तेथे डॉक्टर पेनने रेघ मारतात आणि तारीख-वेळ घालतात. मारली नसेल तर "डॉक्टरसाहेब, खूण करता का?" असे विचारावे. पहिले एक-दोन दिवस औषध चालू असूनही लाली रेघेच्या थोडी बाहेर जाऊ शकते, तेवढ्याने धीर सोडू नये. पण ती भराभर पुढे जात असेल किंवा ताप-दुखणे वाढत असेल तर लगेच सांगावे.

३) वही : फडातून गाडी निघाल्याची वेळ चिठ्ठीवर पडते तशी प्रत्येक इंजेक्शनची वेळ वहीत पडावी. त्याखाली ताप, लघवी, जेवण आणि दुखणे कमी की जास्त, एवढे चार रकाने पुरेत. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी सिस्टरांची पाळी बदलताना दुपारचे इंजेक्शन राहून गेले. वहीतला रकाना कोरा होता म्हणून ते ध्यानात आले. "सिस्टर, दोन वाजताचं झालं का हो?" एवढेच विचारले. त्यांनी कागद पाहिला, डॉक्टरांना विचारले आणि दिले. आवाज चढवण्याची गरज पडली नाही. एकेका सिस्टरच्या गळ्यात किती खाटा असतात हे पाहिले म्हणजे वहीचा उपयोग पटतो.

४) पाय उंच : या आजारात ही निम्मी सेवा आहे, आणि ती नातेवाइकानेच करायची असते. टाच छातीच्या पातळीपेक्षा वर राहील असा सगळा पाय उशा-वाकळेवर टेकवावा. उशी केवळ टाचेखाली न घालता पोटरीखालीही द्यावी. रात्री उशी सरकते, दोन-तीनदा उठून नीट करावी. पाणी उताराकडे जाते, तशी पायातली सूज या उताराने निथळते. तासातासाला घोटा वर-खाली हलवायला सांगावे, म्हणजे रक्त साकळत नाही. पोटरी एकाएकी घट्ट होऊन दुखू लागली किंवा दम लागला तर ताबडतोब सांगावे.

५) जेवण : भेटायला येणारा प्रत्येक जण बिस्किटाचा पुडा, गोड सरबत, ग्लुकोज घेऊन येतो. आपण साखर करणारी माणसे, त्यामुळे हे सांगताना जीभ अडखळते, पण रक्तातली साखर वाढलेली असेल तर जखम भरत नाही. डॉक्टरांनी सांगितले तेवढेच द्यावे. उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, दोन्ही करून घ्याव्यात.

६) हात : पायाला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. सलाइनच्या सुईची जागा लाल झाली, सुजली तर दाखवावी.

रात्रीचा प्रश्न

स्त्रियांच्या वॉर्डात रात्री पुरुषाला बहुधा थांबू देत नाहीत. हा नियम योग्यच आहे, पण त्याची व्यवस्था आधी करावी लागते. पहिल्याच दिवशी बहीण, जाऊ, नणंद, भावजय यांच्या पाळ्या कागदावर मांडाव्यात. एकीवरच सारा भार टाकला तर तिसऱ्या रात्री तीही आजारी पडते. रात्री थांबणारीला वही समजावून द्यावी आणि वर दिलेल्या धोक्याच्या खुणा तोंडपाठ सांगाव्यात. दिवसाची पाळी मात्र घरधन्याने घ्यावी. डॉक्टरांच्या सकाळच्या फेरीला त्याने हजर असावे, कारण सर्व निर्णय त्या पाच मिनिटांत होतात. त्या वेळी विचारायचे प्रश्न आदल्या रात्री लिहून ठेवावेत : लाली उतरते आहे का? रक्ताच्या तपासणीत काय आले? शिरेतले औषध किती दिवस, पुढे गोळ्या किती दिवस? घरी कधी?

आणि घरचे काम? येथे भावकी आणि शेजार उपयोगी पडतात. आपल्याकडे इर्जिक आणि सावड अजून मोडलेली नाही. लाजू नका, शब्द टाका. उसाच्या लागणीची नोंद राहिली असेल तर गट ऑफिसला नुसता निरोप द्या, आमचा माणूस बांधावर येईल. एका लागणीपायी कोणी दवाखान्यातून पळत येऊ नये.

धीर कसा द्यावा?

दुसऱ्या रात्री वॉर्डचे दार बंद होण्याआधी आमच्या सौ.नी हळूच विचारले, "अहो, माझा पाय ठेवतील ना?" गावात साखरेच्या दुखण्याने एकाचा पाय काढावा लागला होता, ते तिच्या मनात बसले होते. दोन दिवस ती तापापेक्षा त्या विचाराने जास्त पिळून निघाली होती, आणि आम्ही विचारपूस करीत होतो ती फक्त तापाची.

अशा वेळी "काही होत नाही, गप झोप" असे म्हणू नये. त्याने भीती जात नाही, फक्त बोलणे बंद होते. आम्ही सांगितले, "मला ठाऊक नाही गं. सकाळी डॉक्टरांना तुझ्यासमोरच विचारू." सकाळी विचारले. डॉक्टरांनी रेघ दाखवली, लाली बोटभर आत आली होती. ताप उतरला आहे, खोल गेलेले नाही, पाय काढण्याचा प्रश्नच येत नाही, असे त्यांनी तिलाच समजावून सांगितले. त्या दिवशी तिने प्रथम पोटभर भाकरी खाल्ली. डॉक्टर नवऱ्याशी बोलतात आणि आजारी बाई छताकडे बघत पडून राहते, असे होऊ देऊ नये. पाय तिचा आहे, उत्तर तिच्या कानांवर पडले पाहिजे.

तिला घराचीही काळजी असते. म्हैस आटली का, पोराने डबा नेला का, सासूबाईंनी गोळी घेतली का, हे रोज न विचारता सांगावे. आणि खरे सांगावे. तिच्या सवयीच्या गोष्टी न्याव्यात : फणी, साधे लुगडे किंवा गाऊन, चष्मा, पोराने काढलेले चित्र. केस विंचरून द्यायला कोणी नसेल तर नवऱ्याने विंचरावेत. त्यात कमीपणा कसला?

पैशाची बाजू

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या शासकीय रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले आहेत. म्हणून प्रथम भोरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय गाठावे. पुढे पाठवले तर पुण्याचे ससून आहे. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले हे रुग्णालय १८६७ पासून गोरगरिबांच्या उपयोगी पडत आले आहे. तेथे वैद्यकीय समाजसेवक असतात, त्यांना आधी भेटावे.

खासगी रुग्णालयात जावे लागले तर दोन गोष्टी विचाराव्यात. एक, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हे रुग्णालय आहे का आणि आपला आजार बसतो का, हे तेथील आरोग्यमित्राला विचारावे. दुसरी, रुग्णालय धर्मादाय आहे का. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. हे दाखल होतानाच विचारावे, बिल हातात पडल्यावर नव्हे.

औषध अर्धे सोडू नये

ताप गेला, सूज उतरली की पुष्कळ जण उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवून देतात. याविषयी एक जुनी हकीकत सांगण्यासारखी आहे. पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली लावला. १९४१ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलीस शिपायाला ते देण्यात आले. जंतूंनी त्याचे तोंड आणि डोळा पोखरला होता. औषधाने चार-पाच दिवसांत ताप उतरला, तो जेवू लागला. पण औषधाचा साठाच तेवढा होता. त्याच्या लघवीतून औषध परत काढून तेही दिले, तरी पुरले नाही. दुखणे उलटले आणि मार्चमध्ये तो दगावला.

त्याला औषध मिळाले नाही. आपल्या जिल्ह्यात मात्र १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. आज गोळ्या गावोगाव मिळतात. मिळत असताना अर्ध्यावर सोडाव्यात हे बरे नव्हे. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस, सांगितल्या वेळी, शेवटच्या गोळीपर्यंत घ्याव्यात.

घरी आल्यावर आणि पुढे

घरी आल्याबरोबर माणूस बरा झाला असे समजू नये. कातडीची साले निघतात, काळसरपणा राहतो, सूज उतरायला काही आठवडे लागतात. या काळात बसताना-निजताना पाय वर, थोडे थोडे चालणे, आणि चिखलात उतरणे पूर्ण बंद. "जरा दोन मुठी लावून येते" याला ठाम नाही म्हणावे, आणि नाही म्हणणाऱ्याने त्या दोन मुठी स्वतः लावाव्यात. दाबाचे मोजे डॉक्टरांनी सांगितले तरच घालावेत.

हा आजार उलटण्याची खोड असलेला आहे. म्हणून बिळे बुजवली पाहिजेत.

१) रानातून आल्यावर आणि जमल्यास दुपारीही पाय स्वच्छ पाण्याने धुवून बोटांच्या बेचक्यांत कापडाने कोरडे पुसावेत. नुसते धुऊन ओले ठेवण्याने चिखल्या वाढतात.
२) चिखल्यांवर डॉक्टरांनी दिलेले बुरशीचे मलम पूर्ण दिवस लावावे. टाचेच्या भेगांना रात्री खोबरेल तेल लावावे.
३) लावणीच्या चिखलात गमबूट रुततो हे आम्हांस माहीत आहे. पण ऊस बांधणी, पाला काढणे, तोडणी, पाणी धरणे या कामांत बूट घालता येतो. सर्पदंशासाठीही तो उपयोगी.
४) काटा, कापणी झाल्यास साबण-पाण्याने धुवून स्वच्छ फडके बांधावे. माती, तंबाखू, चुना दाबू नये.
५) मधुमेह्याने रोज रात्री तळपाय पाहावा. वाकता येत नसेल तर आरशात, नाहीतर जोडीदाराने पाहावा.

तोडणीला येणाऱ्या टोळ्यांतील बायाबापड्याही याच पाचटात उघड्या पायांनी वावरतात. त्यांच्यापैकी कोणी लंगडताना दिसली तर मुकादमाला सांगून तिला दवाखान्यात पोचते करावे. ऊस आपला, तेव्हा तेही आपले काम आहे.

सातबारा आणि शेअर्सचा दाखला बहुतेक घरांत पुरुषाच्या नावे असतो, पण त्या एकरातला चिखल दोघांच्याही पायांना लागतो. तेव्हा या हंगामात बूट आणायला बाजारात जाल तेव्हा एकच जोड आणू नका. तिच्या मापाचाही विचारून आणा.

काही शंका असल्यास जवळच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारावे. लागणीबाबत शंका असल्यास आम्ही आहोतच.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी